चाकांवरचे घर केवढे असावे?

पर्युषण पार पडले, क्षमापनेच्या भेटीगाठी झाल्या, की पनवेलच्या जुन्या बाजारपेठेतील पेढ्यांवर दिवाळीच्या हिशेबाची चाहूल लागते. वर्षभराची येणी-देणी जुळवायची, पडून राहिलेला माल निकालात काढायचा, नव्या चोपड्यांचे पूजन होण्याआधी जुने खाते स्वच्छ करायचे. डाळ-कडधान्याच्या घाऊक व्यापारात तीन पिढ्या काढलेल्या अशाच एका घरात यंदा निकालात काढायच्या मालाच्या यादीत एक अनपेक्षित नोंद आली. ती नोंद तूरडाळीची नव्हती आणि मसुराचीही नव्हती. गोदामाच्या मागे, पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या अठरा फुटी ट्रेलरची ती नोंद होती.

मोटारीमागे जोडून ओढून न्यावयाचे हे फिरते घर. नातवंडे त्याला पहिल्या दिवसापासून ‘डबा’ म्हणत आली आणि पुढे घरातील सर्वांच्या तोंडी तेच नाव बसले. आत सहा जणांची झोपण्याची सोय, ओटा, दोन शेगड्या, पाण्याची टाकी आणि कोपऱ्यात लहानसे शौचालय. आठ वर्षांपूर्वी आबांनी तो घेतला तेव्हा बाजारात पुष्कळ चर्चा झाली. काहींना ती चैन वाटली. आबांचे कारण मात्र साधे होते. घरात चौविहार पाळला जातो, कंदमूळ वर्ज्य आहे, आईंना उकळलेलेच पाणी लागते. यात्रेला निघाले, की सूर्यास्तापूर्वी रस्त्यावर योग्य जेवण मिळेल की नाही, या चिंतेतच अर्धा दिवस जाई. स्वतःचे स्वयंपाकघर बरोबर असले की दुपारी चार वाजता कोणत्याही झाडाखाली थांबता येते आणि पाच वाजता ताट वाढता येते. आबा, आई, मुलगा, सून आणि दोन नातवंडे अशी सहा माणसे होती, म्हणून सहा बिछाने घेतले.

प्रत्येक प्रवासाची नोंद आबांनी एका स्वतंत्र वहीत ठेवली होती. किती रात्री बाहेर काढल्या, किती डिझेल लागले, कोणता खर्च निघाला, हे सारे त्या वहीत होते. मुलाने ती वही उघडून रात्रींची बेरीज केली. पहिल्या वर्षी ४१ रात्री, दुसऱ्या वर्षी ३६. पुढे नातू शिक्षणासाठी पुण्याला गेला, नात सी. ए.च्या आर्टिकलशिपसाठी मुंबईत राहू लागली, आणि पेढी सोडून मुलगा व सून दोघांना एकाच वेळी निघणे अशक्य झाले. गेल्या वर्षी डबा एकूण नऊ रात्री बाहेर होता आणि त्या नऊही रात्री त्यात दोनच माणसे होती.

मुलगा म्हणाला, “आबा, दुकानात एखादा माल असा पडून राहिला असता तर तुम्ही काय म्हणाला असता?”

आबांनी वही मिटली. “माल पडून राहतो तो गिऱ्हाईक नसतं म्हणून. इथे मुलं आहेत. उद्या दोघं एकदम आली तर झोपायची कुठे?”

हा प्रश्न जागेचा दिसत असला तरी जागेचा नव्हता. म्हणूनच त्याचे उत्तर कोणी लगेच दिले नाही.

पनवेलला चाकांचा विषय नवा नाही. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि घाटावरचा माल बैलगाड्यांनी पनवेल बंदरापर्यंत उतरू लागला. त्या काळी गाडीची चाके बनवण्यासाठी हे गाव प्रसिद्ध होते. घाटावरून येणारे गाडीवान येथून चाके घेऊन जात. पुढे रेल्वे आली, मोटारी आल्या, आणि २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गाचे टोकही शेजारच्या कळंबोलीला येऊन मिळाले. रस्ते बदलले, परंतु जुन्या गाडीवानाला जे ठाऊक होते ते आजही खरे आहे. गाडीत किती भरले यापेक्षा ते कोठे भरले याला अधिक महत्त्व असते. मागे जास्त वजन पडले की गाडी उलाळ होते, धुरा वर उचलली जाते आणि बैलांचा ताबा सुटतो.

हाच नियम ट्रेलरला लागू आहे. त्याच्या एकूण वजनापैकी साधारण दहावा भाग मोटारीच्या हुकावर पडावा, असा सर्वसाधारण दंडक मानतात. मागच्या कपाटात पिठाचे डबे, तेल, भांडी आणि पाण्याचे कॅन रचले, तर हुकावरचा भार हलका होतो आणि वेग वाढताच ट्रेलर शेपटासारखा डोलू लागतो. तीन वर्षांपूर्वी घाट उतरताना या कुटुंबाला त्याचा अनुभव आला होता. मागून येणाऱ्या ट्रकच्या वाऱ्याने डबा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुलला. मुलाने ब्रेकवर पाय न दाबता हळूहळू वेग कमी केला, म्हणून निभावले. त्या दिवसापासून सून डब्यासोबत प्रवासाला निघाली नाही. तिने तसे कधी बोलून दाखवले नाही. पेढीवर काम आहे, एवढेच ती दर वेळी सांगत आली.

या वेळी मात्र ती बोलली. “आबा, मला घाटाची भीती वाटते. तुम्ही आता सत्तरीला आलात. तुम्ही आणि आई दोघंच तो घेऊन जाता, तेव्हा तुमचा फोन येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.”

आबांना हे नवे होते.

मोठा की लहान, हा वाद फिरत्या घराइतकाच जुना आहे. केवळ हौसेखातर बांधलेले पहिले प्रवासी घर म्हणून ज्याचा उल्लेख होतो, ते ‘वाँडरर’ १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये तयार झाले. नौदलातून निवृत्त झालेले डॉक्टर आणि लेखक विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी ते ब्रिस्टल येथे बांधून घेतले. त्याचीही लांबी अठरा फुटांच्या आसपास होती आणि ते ओढायला दोन घोडे लागत. सामानासह त्याचे वजन जवळजवळ दोन टन भरे. चढावर घोडे थकत आणि उतारावर गाडी आवरण्याची चिंता असे. घोड्यांच्या जागी इंजिन आले म्हणून वजनाचा त्रास संपला नाही. फक्त तो डोळ्यांना दिसेनासा झाला.

घरातील चर्चेत तीन मार्ग पुढे आले. पहिला, डबा विकून टाकावा आणि पुढे धर्मशाळेत उतरावे. दुसरा, तो भाड्याने द्यावा. तिसरा, मोठा विकून लहान घ्यावा.

दुसरा मार्ग व्यापारी घराला सहज सुचणारा होता. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे, तेव्हा मागणी असणार, असे मुलाचे म्हणणे होते. परंतु येथे एक कायदेशीर भेद लक्षात घ्यावा लागतो. केंद्र शासनाच्या २००४ च्या अधिसूचनेनुसार खाजगी वापराचा कॅम्पर ट्रेलर बिगर-परिवहन वाहनांच्या यादीत येतो. तो भाड्याने देऊन पैसे मिळवायचे, तर नोंदणी, परवाना आणि विमा यांचे स्वरूपच बदलते. नऊ रात्रींच्या वापरासाठी घेतलेल्या वस्तूभोवती नवा धंदा उभारायचा, याला आबांनी एका वाक्यात नकार दिला. “मुलीला सांभाळता येत नाही म्हणून कोणी खानावळ काढत नाही.” उपमा कितपत जुळली कोण जाणे, पण सगळे हसले आणि तो मार्ग बंद झाला.

पहिल्या मार्गाला आईंचा विरोध होता. तीर्थक्षेत्री भोजनशाळा असते, धर्मशाळा असते. तेथे डब्याची गरज नसते, हे त्यांना मान्य होते. अडचण असते ती मधल्या रस्त्यावर. पालिताण्याला पोहोचल्यावर सोय होते, पण पालिताण्यापर्यंतचे दोन दिवस सोय होत नाही. शिवाय रात्री उठावे लागते आणि अनोळखी ठिकाणी अंधारात लांब चालत जाणे गुडघ्यांना झेपत नाही. “मला सहा बिछाने नकोत,” त्या म्हणाल्या, “पण ओटा आणि दारापाशी शौचालय सोडायला सांगू नका.”

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. पनवेलचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. चातुर्मासात यात्रा नसते, डबा शेडखाली बंद उभा राहतो आणि कोकणच्या दमट हवेत बंद जागेला बुरशी धरते. ती वाढू देणे म्हणजे जीवोत्पत्तीला वाव देणे. म्हणून दर आठ-दहा दिवसांनी दारे-खिडक्या उघडायच्या, गाद्या उभ्या करायच्या, कोरड्या फडक्याने हलक्या हाताने पुसायचे. हे काम आठ वर्षे आई करीत आल्या. “झोपतो दोघं आणि सांभाळते मी सहा गाद्या,” एवढेच त्या म्हणाल्या. वहीत डिझेलची नोंद होती, टायरची होती, विम्याची होती. या कामाची मात्र कोठेही नव्हती.

आबा त्या रात्री बराच वेळ जागे होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, डबा आहे तसा, सामानासकट, वजनकाट्यावर नेला. धान्याच्या व्यापाऱ्याला वजनकाटा परका नसतो, तरी आठ वर्षांत हे कधी सुचले नव्हते. कागदावर रिकाम्या डब्याचे वजन १,३५० किलो होते. काट्यावर ते १,७९० भरले. वरचे ४४० किलो घरच्यांनी स्वतः भरलेले होते. त्यात भरलेल्या टाकीतील १२० लिटर पाणी, म्हणजे १२० किलो होते. दोन गॅस सिलिंडर होते, कधी न उघडलेल्या दोन खुर्च्या होत्या, सहा माणसांच्या रजया होत्या, नातवाची लहानपणची सायकल होती. सायकल पाहून आबा काही बोलले नाहीत.

पाण्याचा हिशेब तर उलटाच निघाला. या घराच्या परंपरेत उकळलेल्या पाण्याला काळाची मर्यादा आहे: उन्हाळ्यात पाच प्रहर, हिवाळ्यात चार, पावसाळ्यात तीन. म्हणजे हिवाळ्यातील यात्रेत बारा तासांपुरतेच पाणी उकळून ठेवता येते. पिण्यासाठी एवढे पाणी साठवण्याचे मुळात प्रयोजनच नव्हते. रोज हवे होते ते थोडे ताजे पाणी, एक पातेले आणि गॅस. धुण्याभांड्याला दोन माणसांना चाळीस लिटरची टाकी पुरते आणि ती जागोजागी भरून घेता येते. १२० लिटर पाणी घाटातून वर ओढायचे आणि घरी येऊन ओतून द्यायचे, असे आठ वर्षे चालले होते.

दुसरी गोष्ट अधिक उपयोगाची ठरली. चातुर्मासात प्रवास करायचा नव्हता, म्हणून शेडमध्येच परीक्षा घ्यावी असे ठरले. डब्याच्या आत, दारापासून अकरा फुटांवर, आबांनी आडवी सुतळी बांधली. तीन दिवस आणि तीन रात्री दोघांनी सुतळीच्या अलीकडेच राहायचे. पलीकडची वस्तू लागली तर घ्यायची, पण वहीत ती ‘उधार’ म्हणून लिहायची. नवे काही विकत घेण्याआधी असलेल्याच वस्तूत लहान घर आखून पाहावे, हा उपाय कोणालाही करता येण्याजोगा आहे आणि त्याला खर्च नाही.

पहिल्या दिवशी उधारी बरीच झाली. मोठे पातेले, जपमाळेची पेटी, पंखा, आबांचा चष्मा. दुसऱ्या दिवशी ती निम्म्यावर आली. तिसऱ्या दिवशी वहीत एकच नोंद राहिली आणि ती रोजचीच होती: शौचालय. तीन दिवसांत एकदाही लागल्या नाहीत त्या वस्तू म्हणजे जेवणाचे मोठे टेबल, चार बिछाने, दुसरे कपाट आणि भट्टी.

एक अडचण मात्र सुतळीनेच दाखवली. अकरा फुटांत बिछाना आडवा बसतो. भिंतीकडच्या माणसाला रात्री उठायचे तर दुसऱ्याला ओलांडून यावे लागते. पहिल्या रात्री आई दोनदा उठल्या आणि दोन्ही वेळा आबांना उठावे लागले. पंचविशीच्या जोडप्याला जे गमतीचे वाटेल ते साठीनंतर रोजचे दुखणे होते. तेव्हा निष्कर्ष निघाला तो असा: अकरा फूट नको, तेरा फूट हवे, बिछान्याला दोन्ही बाजूंनी उतरता यावे, शौचालय असावेच, पायरी कमी उंचीची असावी. सर्वांत लहान ते सर्वांत उत्तम, असे गणित नव्हते. ज्यावाचून अडते ते ठेवून उरलेले सोडावे, एवढेच गणित होते.

लहान ट्रेलरविषयी आणखी दोन गोष्टी मुलाने माहितगारांकडून समजून घेतल्या. लांब ट्रेलर मागे घेणे अवघड, असा सर्वांचा समज असतो. प्रत्यक्षात आखूड ट्रेलर मागे घेताना अधिक चटकन वळतो आणि क्षणात मोटारीशी काटकोन करून बसतो. म्हणून सरावाशिवाय त्यावर विसंबू नये. दुसरे असे, की चार चाकांच्या ट्रेलरचा एखादा टायर फुटला तर उरलेल्या चाकांचा थोडा तरी आधार असतो. दोन चाकांच्या ट्रेलरला तो नसतो. टायर झिजलेला दिसत नसला तरी उभ्या-उभ्याही तो म्हातारा होतो. तेव्हा जुना लहान ट्रेलर घ्यायचा, तर टायरवर छापलेला उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष आधी वाचावे. हुकावर भार किती पडतो ते पाहावे, ट्रेलरचा स्वतःचा ब्रेक चालतो की नाही हे उतारावर तपासावे आणि भरलेले वजन काट्यावर पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

पैशाचा हिशेबही सरळ नव्हता. मोठा विकून आलेल्या रकमेत नवा लहान घेतला, तर हाती फारसे उरणार नव्हते, कारण जुन्याला भाव कमी आणि नव्याला जास्त. बचत होणार होती ती पुढे: दोन टायर कमी, ओझे हलके असल्याने डिझेल कमी, आणि गोदामातील दीडशे चौरस फूट जागा अर्ध्याने मोकळी. व्यापाऱ्याला जागेचे भाडे स्वतःला द्यावे लागत नाही म्हणून ती फुकट वाटते. ज्या हंगामात बाहेरचे गोदाम भाड्याने घ्यावे लागते त्या हंगामात ती फुकट नसते.

परिग्रह-परिमाण व्रताची आठवण अशा वेळी होणे स्वाभाविक आहे. आईंनी ती काढली, पण उपदेशासाठी नव्हे. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या करताना वस्तू मोजल्या नाहीत. मूर्च्छा, म्हणजे वस्तूत गुंतून पडलेले मन, हाच परिग्रह मानला. त्या दृष्टीने पाहिले तर अठरा फुटांचे तेरा झाले म्हणून काही साधले असे होत नाही. मोठे टाकून नवे, चकचकीत लहान घेतले आणि त्याचाच अभिमान धरला, तर गुंतणे तेवढेच राहते. आईंचा प्रश्न नेमका होता. “अहो, तुम्ही डब्यात गुंतला आहात, की मुलं सगळी एका ठिकाणी झोपायची त्या दिवसांत?”

आबा म्हणाले, “त्या दिवसांत.”

“ते दिवस डबा ठेवून परत येणार आहेत का?”

त्या संध्याकाळी नातीचा फोन आला. आईने तिला सगळे कळवले असावे. ती म्हणाली, “आबा, कार्तिकी पौर्णिमेला आम्ही दोघंही पालिताण्याला येतो आहोत. ट्रेननं येऊ, धर्मशाळेत खोली घेऊ. डोंगर तुमच्याबरोबर चढू. आमच्यासाठी बिछाना ठेवू नका. जेवायला मात्र आजीच्याच ओट्यावर येणार.”

शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या आबा या वर्षी चढू शकतील की डोली करावी लागेल, हे अजून ठरायचे आहे. नातवंडे बरोबर असतील, हे ठरले. आठ वर्षांत आबांनी गृहीत धरले होते, की डब्यात जागा असली तर मुले येतील. मुले जागेसाठी येत नव्हती आणि जागेवाचून अडतही नव्हती. त्यांना सुट्टी हवी होती आणि कोणीतरी तारीख सांगायला हवी होती.

निर्णय झाला तो घाईचा नव्हता. मोठा डबा दिवाळीपूर्वी विकायचा. नवा लगेच घ्यायचा नाही. कार्तिकातील यात्रेपुरते तेरा फुटांच्या जवळपासचे वाहन परवानाधारकाकडून रीतसर भाड्याने घ्यायचे आणि खऱ्या रस्त्यावर, खऱ्या थंडीत, दोघांच्या खऱ्या गुडघ्यांसह पाहायचे. जमले तर माघात स्वतःचा घ्यायचा. न जमले तर धर्मशाळा आहेच. मोठे आधी गेले आणि लहान अजून आले नाही, या मधल्या काळात काही अडते का, हेही कळणार होते.

गिऱ्हाईक लांबचे निघाले नाही. तीन लहान मुले असलेले एक कुटुंब डबा पाहायला आले. मुलांनी आत शिरताच वरच्या बिछान्यावरून भांडण सुरू केले. त्यांच्या आईने आईंना विचारले, की पावसाळ्यात हा कसा सांभाळायचा. आईंनी तिला आठ-दहा दिवसांचा क्रम, गाद्या उभ्या करण्याची पद्धत, कोरडे फडके, सारे नीट सांगितले. आबांनी मुलांच्या वडिलांना काट्याची पावती दाखवली आणि जड सामान मागे भरू नका, असे दोनदा बजावले. हस्तांतराचे २९ आणि ३० क्रमांकाचे अर्ज भरून झाले. कागद पनवेलच्या एम. एच. ४६ कार्यालयात जायचे होते.

डबा गेल्यावर शेडमध्ये चाकांच्या चार खुणा राहिल्या. मुलाने त्या जागी पोती उतरवायला सांगितले. सायकल तेवढी आबांनी काढून ठेवली होती. ती स्वतःकडे ठेवण्याचा त्यांचा विचार होता; पण दोन दिवसांनी त्यांनी तिचे टायर बदलून घेतले आणि हमालाच्या मुलाला देऊन टाकली. त्याच दिवशी प्रवासाच्या वहीचे शेवटचे पान उघडून त्यांनी खर्चाच्या रकान्यात आठ वर्षांची एक राहिलेली नोंद केली: गाद्यांची देखभाल, आई. रकमेची जागा त्यांनी मोकळी सोडली.